आधी देठ मोडून बघ

माझी लेक साडेतीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही दोघी नुसत्याच फिरत होतो आणि ती चिमटीत काहीतरी धरून समोर उभी राहिली, "हे खायचं का?" माझ्या तोंडून पटकन निघालं, "शी, टाक ते." तिनं टाकलंही. मग माझं खाली लक्ष गेलं, तीन पानांचं इवलंसं रोप, प्रत्येक पान पत्त्यातल्या बदामासारखं, मधोमध घडी, आणि एकदम आठवलं की अरे ही तर आंबुशी, हिच्या शेंगासुद्धा आपण लहानपणी तोंडात टाकायचो आणि आज मी तिला शी म्हणतेय. मी तिथंच उकिडवी बसले, चार पानं खुडली, घरी नेऊन धुतली, एक मी चावलं, एक तिला दिलं. तिनं डोळे घट्ट मिटले, एक खांदा कानापर्यंत वर गेला, सगळं अंग शहारलं आणि मग हात पुढे करून म्हणाली, "अजून."

आता ती सात वर्षांची आहे. मधल्या साडेतीन वर्षांत आम्ही दर आठवड्याला कुठे ना कुठे असं हिरवं बघत, खुडत, कधी कधी खात फिरलोय. लोक मला विचारतात की यातून मुलीला काय मिळालं, आणि बहुतेकांना उत्तर हवं असतं की तिला पंचवीस वनस्पतींची नावं येतात. येतात थोडीफार, पण नावांचं मला फार अप्रूप नाही, नावं पाठही करता येतात. ती सगळ्यात आधी जे शिकली ते म्हणजे हात थांबवणं. तोंडापाशी आलेला हात थांबवून "मला माहीत नाही" असं म्हणता येणं. साडेतीन वर्षांच्या पोराला हे किती अवघड आहे ते ज्यांच्या घरात त्या वयाचं मूल आहे त्यांना सांगायला नको.

आमचा पहिला नियम होता, तोंडात घालायच्या आधी दाखवायचं. नियम लहान मुलांसाठी असतात असं तिला वाटू नये म्हणून तो मलाही लागू केला. मी काही जाणकार नाही, मला लहानपणची सात-आठ झाडं पक्की ओळखता यायची आणि बाकी सगळं धूसर. त्यामुळे मी आत्याला विचारायचे. आत्या म्हणजे आमच्या घरातलं चालतंबोलतं पुस्तक, तिला पानाचा नुसता वास घेऊन कळतं. मी तिला फोटो पाठवायचे आणि ती फोन करून एकच म्हणायची, "फोटोवरून काय कळणार गं, आधी देठ मोडून बघितलंस का?" माझी लेक ते ऐकत असायची. आई मोठी आहे, तिला मोबाईल येतो, गाडी येते, आणि तरी ती आत्याआजीला विचारल्याशिवाय पान खात नाही, हे तिनं इतक्या वेळा बघितलं की विचारणं म्हणजे कमीपणा असं काही तिच्या डोक्यात शिरलंच नाही.

देठ मोडून बघण्याचं खरं महत्त्व कळलं ते घोळीमुळे. घोळ तुम्ही बघितलीच असेल, जगभर कुठेही उगवते, कुंडीत, फरशीच्या फटीत, शेताच्या बांधावर. जमिनीला चिकटून एका मध्यातून चारी बाजूंना पसरते, दांडे लालसर आणि रसरशीत, पानं जाड, गुळगुळीत, बोटात दाबली तर आत पाणी आहे हे कळतं. आणि तिच्या शेजारी, अगदी तशीच जमिनीला चिकटून, तशीच गोल पसरणारी, लालसर दांड्याची दुधी उगवते. दुधी म्हणजे भोपळा नव्हे, युफोर्बियाच्या कुळातलं एक सपाट तण. चार फुटांवरून बघितलं तर दोन्ही एकच वाटतात. जवळ गेलं की फरक दिसायला लागतो, दुधीचा दांडा दोऱ्यासारखा बारीक, पान पातळ. आणि मोडला की लगेच पांढरा चीक येतो, दुधासारखा थेंब. घोळीचा दांडा मोडला तर नुसतं स्वच्छ पाणी. हा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देणारा, तोंडात तर अजिबात घालायचा नाही.

तर मी दोन्ही समोर ठेवल्या आणि तिला म्हणलं, सांग बरं कुठली घोळ. ती पोटावर झोपली जमिनीवर. खरंच, आडवी झोपून नाक टेकवून बघत होती. एक दांडा कट्‌कन मोडला, दुसरा मोडला, आणि दुसऱ्यातून पांढरा थेंब फुगून वर आला तेव्हा तिचा चेहरा असा झाला की तो मला आजही जसाच्या तसा दिसतो, भीती नाही, आनंदही नाही, एकदम गंभीर. "ही खोटी आहे," म्हणाली. मी म्हणलं, खोटी नाही गं, ती तिच्या जागी खरीच आहे, फक्त आपली नाही. मग आम्ही जाऊन हात धुतले साबणानं. त्यानंतर कित्येक दिवस ती दिसेल ते देठ मोडून बघायची, चीक आला की मागे सरकायची.

घोळीनं आम्हाला अजून एक गोष्ट दाखवली, ती मला इतकी आवडली की सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाणी कमी पडलं की घोळ दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवते, नाहीतर पाणी उडून जाईल, आणि रात्री उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेते, तो मॅलिक ॲसिडच्या रूपात पानात साठवते आणि दिवसा उजेडात वापरते. मॅलिक ॲसिड म्हणजे कच्च्या सफरचंदाला आंबट करतं तेच. म्हणजे कोरड्या दिवसांत पहाटे खुडलेलं पान जास्त आंबट आणि दुपार उलटल्यावरचं कमी. आम्ही कुंडीतल्या घोळीला चार-पाच दिवस पाणी दिलं नाही आणि मग सकाळी उठल्या उठल्या एक पान आणि संध्याकाळी एक पान असं चाखून बघितलं. तिला फरक कळला, माझ्यापेक्षा आधी कळला. "हिनं सगळं आंबट संपवलं दिवसभरात," म्हणाली. मी तिला फोटोसिंथेसिस वगैरे काही सांगितलं नव्हतं, फक्त रात्री साठवते आणि दिवसा वापरते एवढंच, बाकीचं तिच्या जिभेनं केलं. झाड उभ्या उभ्या काहीतरी करत असतं, सकाळी वेगळं, संध्याकाळी वेगळं, हे कुठल्याही चित्रातून मी तिला दाखवू शकले नसते. पुढे ती स्वतःच बघायला लागली की आंबुशीची पानं अंधार पडला की छत्रीसारखी खाली मिटतात आणि घोळीचं पिवळं फूल ऊन चढल्यावर जेमतेम काही तास उघडतं. १७५१ मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं फुलांच्या उघडण्या-मिटण्यावरून वेळ सांगणारं घड्याळ करता येईल अशी कल्पना मांडली होती. माझ्या लेकीला लिनियस माहीत नाही, पण "घोळ उघडली, म्हणजे नाश्त्याची वेळ गेली" हे तिला कळतं.

आता चवीबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. दोन वर्षांच्या आसपास मुलं खाण्याबाबत एकदम खळखळ करायला लागतात, काल आवडीनं खाल्लेलं आज नको, नवीन काही दिसलं की तोंड मिटून बसायचं. आपण वैतागतो. पण अभ्यासक सांगतात की हे वय म्हणजे नेमकं तेच, जेव्हा मूल स्वतःच्या पायांनी आईपासून लांब जायला लागतं, आणि अशा वेळी अनोळखी पाल्याला तोंड न लावणं यानं हजारो वर्षं मुलं वाचली असणार. कडू चव ओळखायला माणसाकडे साधारण २५ प्रकारचे रिसेप्टर आहेत, लहान मुलांना कडू आपल्यापेक्षा जास्त टोचतं. म्हणून माझी लेक काही थुंकते तेव्हा मी थुंकू देते. ताटातल्या भाजीसाठी आम्हीही घरात झगडतो, नाही असं नाही, पण बाहेर खुडलेल्या पानाच्या बाबतीत तिची जीभ "नको" म्हणाली तर तो शेवटचा शब्द.

पण, आणि हे मी फार कळकळीनं लिहितेय, चव ही परीक्षा नाही. "थोडं चाखून बघू, कडू लागलं तर टाकू" हे अत्यंत धोक्याचं आहे. विषारी सगळं कडू नसतं. बेलाडोना नावाच्या विषारी झुडपाची काळी चकचकीत फळं गोडसर लागतात आणि ती मुलाचा जीव घेऊ शकतात. आधी ओळख पक्की, दोन-तीन खुणांनी पक्की, जाणत्या माणसानं स्वतः बघून होकार दिलेला, आणि मग चव. मोबाईलमधली ओळख सांगणारी ॲप्स नाव शोधायला सुरुवात म्हणून ठीक, पण त्यांच्या भरवशावर मुलाच्या तोंडात काही घालू नका. मशरूम तर आम्ही शिवतसुद्धा नाही.

२०१४ मध्ये येल विद्यापीठात ॲनी वर्ट्झ आणि कॅरन विन या दोघींनी अगदी तान्ह्या बाळांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं, ते मी वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. बाळासमोर एक मोठं माणूस झाडावरचं फळ तोडून तोंडाला लावतं, आणि माणसानं बनवलेल्या एका वस्तूवरचं तसंच फळही तोंडाला लावतं. नंतर दीड वर्षाच्या बाळांना यातलं खायचं कुठलं असं विचारलं तर ती झाडावरच्याकडे झुकतात. तेच फळ मोठ्या माणसानं तोंडाऐवजी कानामागे खोचलं तर असं होत नाही. सहा महिन्यांच्या बाळांच्या नजरेतही याच्या खुणा दिसल्या. त्याच दोघींच्या दुसऱ्या एका अभ्यासात बाळं इतर वस्तूंना पटकन हात लावत होती पण झाडाला हात लावायला जास्त वेळ घेत होती, आणि २०१९ च्या पुढच्या कामात दिसलं की झाड समोर असलं की बाळं हात लावण्याआधी मोठ्यांकडे जास्त बघतात. म्हणजे थांबणं आणि विचारणं ही मी माझ्या मुलीला शिकवलेली गोष्ट नाहीच. ती घेऊनच आली होती. त्या दिवशी चिमटीत पान धरून तिनं माझ्याकडे बघितलं ते हेच होतं, आणि मी "शी" म्हणाले.

ती पाच वर्षांची असताना एक प्रसंग घडला, तो लिहायला मला जड जातंय, पण तो टाळून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. संध्याकाळी ग्राउंडवर मुलं खेळत होती आणि माझ्या लेकीनं तीन वर्षांच्या एका मुलाला आंबुशीचं पान भरवलं. त्याची आई धावत आली, तोंडात बोट घालून तिनं ते बाहेर काढलं आणि मला म्हणाली, "तुमची मुलगी माझ्या मुलाला गवत खायला घालतेय." मी ओशाळले, पण आतून मला वाटत होतं की पान तर बरोबर होतं, लेकीनं ओळखायला चूक केलीच नव्हती, एवढं काय झालं. रात्री झोप लागेना तेव्हा कळलं की चूक पानात नव्हती. त्या बाळानं काय शिकलं? त्यानं बदामाचा आकार बघितला नाही, देठ मोडला नाही, त्याला एवढंच कळलं की ताई खाली वाकते, हिरवं उचलते आणि ते तोंडात घालायचं असतं. चार दिवसांनी तो एकटा खाली वाकला असता तर त्याच्या हाताला काय लागलं असतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो आणि सॉरी म्हणालो. घरात नवा नियम आला, दाखवायचं, सांगायचं, पण कुणाला भरवायचं नाही. लेक रडली. तिला वाटलं होतं की तिनं त्याला काहीतरी छान दिलं. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की छानच होतं ते, पण त्याला अजून विचारता येत नाही ना गं.

यानंतर मी बरंच वाचत सुटले, की बाकी जगात ही मुलं शिकतात तरी कशी. टांझानियात एयासी सरोवराच्या आसपास राहणाऱ्या हाड्झा लोकांची मुलं अगदी लहानपणापासून बोरांसारखी फळं, बाओबाबची फळं, कंद गोळा करतात, वस्तीच्या आजूबाजूला मुलांचेच घोळके फिरतात, बऱ्याचदा मोठं कुणी सोबत नसतं. शीना ल्यू-लेव्ही आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये वेगवेगळ्या शिकारी-संकलक समाजांवरचे अभ्यास एकत्र करून बघितले, त्यातही हेच दिसतं, अगदी लहान असताना आईवडिलांसोबत आणि जरा मोठं झालं की लहानमोठ्या मुलांच्या टोळीत, थोरल्यांकडे बघून. म्हणजे माझ्या लेकीनं केलं ते माणसाची पोरं कायम करत आलीयेत. फरक एवढाच की तिथे त्या टोळीच्या भोवती जी माणसं आहेत त्यांना सगळं माहीत असतं. पोरानं चुकीचं काही उचललं तर ते बघणारं टोळीतलंच कुणीतरी थोरलं पोर बऱ्याचदा असतं, आणि मुलं जे वेचून घरी आणतात ते मावशी, आजी यांच्या नजरेखालून जातं. आमच्या ग्राउंडवर त्या संध्याकाळी वीसेक मोठी माणसं बसली होती. त्यातल्या किती जणांना आंबुशी आणि तिच्यासारखंच तीन पानांचं क्लोव्हर यातला फरक सांगता आला असता? एकाच्या पानाला वर खाच असते, दुसऱ्याचं पान लांबट गोल आणि त्यावर बऱ्याचदा फिकट पट्टा, बस एवढाच फरक. मला याचं फार वाईट वाटतं. ज्ञान एका मुलीच्या डोक्यात असून भागत नाही, ते आजूबाजूला पसरलेलं लागतं, तरच ते सुरक्षित असतं.

काही आठवड्यांनी त्या मुलाच्या आईनंच मला थांबवून विचारलं, "ते नेमकं कुठलं पान होतं, दाखवाल का?" आता आम्ही तीन-चार घरं मिळून रविवारी सकाळी जातो. आत्या महिन्यातून एकदा येते, गुडघे दुखतात तिचे म्हणून स्टूल घेऊन बसते आणि पोरं तिच्यापुढे रांग लावून एकेक पान दाखवतात. रस्त्याकडेला काही खुडायचं नाही, कारण पूर्वीच्या शिसं घातलेल्या पेट्रोलच्या धुरातलं आणि जुन्या रंगातलं शिसं मातीत वर्षानुवर्षं राहतं. जिथे तणनाशक मारलंय तिथे नाही, कुत्री फिरवतात तिथे नाही. मुळासकट उपटायचं नाही, एका ठिकाणचं सगळं न्यायचं नाही. आंबुशी, घोळ, चाकवत या तिन्हीत ऑक्झॅलिक ॲसिड असतं, त्यामुळे खायचं ते थोडं आणि रोज नाही, मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी तर लांबच राहिलेलं बरं. या सगळ्याला मुलं कंटाळतील असं मला वाटलं होतं. पण त्यांना "इथे का नाही" हे सांगितलं की ती आपल्यापेक्षा कडक होतात, परवा एकानं मला हटकलं, "काकू, तिकडे नको, तिकडे औषध मारलंय, बघा ना सगळं पिवळं पडलंय." मी बघितलंच नव्हतं.

चाकवताचं सगळ्यांना भारी वेड. त्याच्या शेंड्याच्या कोवळ्या पानांवर पिठी भुरभुरल्यासारखा पांढरा थर असतो, बोटाला लागतो, आणि त्यावर पाणी टाकलं की थेंब पाऱ्यासारखे घरंगळतात. मुलं तासभर तेवढंच करत बसतात, शेंड्यावर पाणी टाकायचं आणि घरंगळताना बघायचं, खाण्याबिण्याचं विसरूनच जातात. घाई करायची नाही हे मला शिकायला वेळ लागला. आधी मी पिशवी भरायच्या मागे असायचे.

कामोणीची फळं मात्र आम्ही फक्त बघतो. हिरवी असतात तेव्हा विषारी, पिकून काळी झाली की खातात लोक, पण आत्यानं मुलांना सांगून टाकलंय की हे मोठं झाल्यावर, आत्ता नाही. माझी लेक दर आठवड्याला जाऊन मोजते, किती हिरवी, किती काळी. एकही तोडलं नाहीये तिनं.

आणि प्लॉटच्या कोपऱ्यात, भिंतीपाशी, एक रोप आलंय जे कुणालाच ओळखता येत नाहीये. पानं समोरासमोर, कडा करवतीसारखी, दांडा चौकोनी, चोळलं तर पुदिन्याच्या जवळपासचा पण पुदिना नसलेला वास. आत्यालाही कळलं नाही, तिनं वास घेतला, देठ मोडला, परत वास घेतला आणि मान हलवली, "नाही बाई, माहीत नाही मला." मुलं बघतच राहिली तिच्याकडे. तेव्हापासून त्या झाडाचं नावच पडलंय "माहीत नाही". "चल, माहीत नाहीला बघून येऊ" असं चालतं आमच्याकडे. पलीकडचा तो मुलगा, आता पाचचा झालाय, त्यानं चार काड्या रोवून त्याच्याभोवती कुंपण केलंय म्हणजे कुणी पाय देऊ नये.

गेल्या रविवारी त्याला कळी आली. लेकीनं आत्याला फोटो पाठवायला लावला, आणि तिचा लगेच फोन आला, फोटोवरून काय कळणार म्हणून, पण मग म्हणाली, "फूल उमलू दे पूर्ण. मी येते, मग बघू."